मंजुषाकाकूंचे अल्पाका

मंजुषाकाकू तीस वर्षं अमेरिकेत ॲन आर्बरला पॅथॉलॉजिस्ट होत्या. पॅथॉलॉजिस्टकडे पेशंट येत नाही, पेशंटचा तुकडा येतो. काचेच्या पट्टीवर ठेवलेला, रंगवलेला, नखाएवढा. त्याच्याकडे मायक्रोस्कोपमधून बघायचं, चार ओळींचा रिपोर्ट लिहायचा आणि पुढची पट्टी घ्यायची. "नागपूरला इंटर्नशिप संपली, त्यानंतर मी जिवंत पेशंटला हात लावलेला नाही," असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. माणसं फार बोलतात, पट्ट्या बोलत नाहीत, हे त्यांचं मत होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी आणि श्रीरंगकाकांनी शहरातलं घर विकलं आणि डेक्स्टर गावाच्या पुढे सहा एकरांवरचं एक जुनं घर घेतलं. काका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनियर होते, त्यांना ठोकाठोकीसाठी मोठी शेड हवी होती. काकूंना शांतता हवी होती. सहा एकर गवत मात्र दोघांनाही नको होतं. पहिला उन्हाळा काकांनी गवत कापायच्या मॉवरवर बसून काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची पाठ धरली आणि गवत खिडकीपर्यंत आलं.

जवळच एक म्हातारा शेतकरी आपला अल्पाकांचा कळप मोडून फ्लोरिडाला निघाला होता. काकू सहज बघायला गेल्या. उंटाची मान, हरणाचे डोळे आणि डोक्यावर नुकतंच उशीवरून उठल्यासारखे केस, अशी पंधरा-वीस जनावरं कुंपणापाशी येऊन त्यांना हुंगायला लागली. आवाज म्हणजे नुसतं हलकं "हुं... हुं..."

"हे नुसतं गुणगुणतात," परत येताना काकू गाडीत म्हणाल्या. "मला चालतील."

अल्पाका एकटा राहत नाही, झुरतो. म्हणून तीन आणले, दोन माद्या आणि एक नर. नर खच्ची केलेला आहे, असं म्हाताऱ्याने दोनदा सांगितलं. पांढरट ती बासुंदी, तांबूस ती चिक्की आणि गडद तपकिरी नर तो खारीक, अशी काकांनी रंगावरून नावं ठेवली.

ऋता, म्हणजे त्यांची शिकागोत वकिली करणारी मुलगी, हिला फोटो पाठवले तेव्हा तिचा तडक फोन आला. "मॉम, आर यू ओके? लाइक, रिअली ओके?"

मराठी मंडळाच्या पिकनिकला तर चौकशीच बसली. एका बाईंनी विचारलं, "दूध देतात का गं?"

"नाही."

"मग शेती करतात त्यांच्यावर?"

"नाही."

"मग... खातात?"

"श्रीरंग," काकू म्हणाल्या, "गाडी काढ."

पण काका खूश होते. अल्पाका गवत मुळं न उपटता खातात. शिवाय सगळे मिळून शी एकाच कोपऱ्यात करतात, हे कळल्यावर काकांना त्यांच्याबद्दल आदरच वाटायला लागला. "आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एवढी शिस्त नव्हती," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोपरा दाखवून सांगत. इकडच्या हरणांमुळे अल्पाकांना एक वाईट जंत होतो, म्हणून दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं. ते द्यायला काका शिकले. डॉक्टर असून काकू दोन पावलं लांब उभ्या राहून तारीख लिहून घेत.

असं जवळपास वर्ष गेलं. सप्टेंबरअखेरचा रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. काकू चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. बासुंदी सारखी त्या कोपऱ्याकडे जात होती आणि काही न करता परत येत होती. पोट बिघडलं असेल म्हणून काकू जवळ गेल्या, आणि कप खाली पडला. बासुंदीच्या शेपटीखालून एक ओलं नाक आणि एक पाय बाहेर आला होता.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटातलं निदान करणाऱ्या बाईला आपल्या अंगणातली गाभण मादी ओळखता आली नव्हती.

"श्रीरंग! डॉक्टरला फोन लाव!"

त्यांच्या पशुवैद्य लिंडा पन्नास मैलांवर एका घोड्यापाशी होत्या. काकांनी फोन स्पीकरवर धरला.

"दोन्ही पाय दिसतायत का?" लिंडांनी विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या.

"मग दुसरा आत दुमडलाय. तो सोडवल्याशिवाय पिल्लू बाहेर येणार नाही, आणि मला पोचायला तास लागेल. तुमच्या दोघांपैकी कोणाचा हात लहान आहे?"

काकूंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. काकांनीही काकूंच्याच हाताकडे पाहिलं.

"सव्वादोनची बांगडी लागते मला," काकू म्हणाल्या. हे लिंडांना काय कळणार, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

काकूंनी अंगठी काढली, कोपरापर्यंत हात धुतले. काकांनी बासुंदीची मान मिठीत धरली. लिंडा फोनवरून एकेक पायरी सांगत होत्या: कळ थांबली की डोकं हळूच मागे सारा, छातीपाशी चाचपा, पायाची नखं तळव्यात झाका म्हणजे गर्भाशय आतून फाटणार नाही, आणि पुढे आणा. काकूंनी डोळे मिटले. तिथे मायक्रोस्कोप नव्हता, रंगवलेली पट्टी नव्हती. गरम, निसरडं, हलणारं काहीतरी होतं. एकदा बोटांत आलेला पाय सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय पकडला आणि सोडला नाही.

पुढच्या कळेला दोन पाय आणि नाक एका रेषेत आले. त्यानंतरच्या कळेला सगळं पिल्लूच काकूंच्या मांडीवर घसरलं. लांबच लांब पाय, चिकटलेले केस, आणि हालचाल नाही. काकूंनी नाकातोंडातला चिकटा पुसला, टॉवेलने छाती घासायला सुरुवात केली. मग पिल्लाने डोकं झटकलं आणि ते शिंकलं.

"श्रीरंग, जिवंत आहे रे," काकू म्हणाल्या. आणि तिथे गवतातच बसून हमसून हमसून रडल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण काकांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

हेअर ड्रायरने वाळवल्यावर पिल्लू तपकिरी निघालं. हुबेहूब खारकेसारखं. तासाभरात ते चार काठ्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि आईला लुचायला लागलं. तेवढ्यात लिंडा पोचल्या. त्यांनी आधी पिल्लू तपासलं, मग खारकेचा मागचा भाग पाहिला आणि डोक्याला हात लावला. म्हाताऱ्याकडे एकसारखे दिसणारे दोन नर होते, भाऊ-भाऊ. खच्ची केलेला बहुधा फ्लोरिडाला गेला होता.

"मीसुद्धा बघायला हवं होतं," लिंडा म्हणाल्या. मग त्यांनी चिक्कीच्या पोटाला सोनोग्राफीचं मशीन लावलं. "आणि हो, हिलाही आहे."

पिल्लाचं नाव काकूंनी ठेवलं, अवचित. पंधरा दिवसांनी चिक्कीला एक मादी झाली, तिचं नाव रेवडी.

खारकेची रवानगी वेगळ्या कुंपणात झाली आणि त्याला आता तरी खच्ची कधी करायचं, असं लिंडांनी विचारलं. पण तोवर मे महिना आला होता. लोकर कातरणारा माणूस येऊन गेला होता आणि काकूंनी रिटायर होताना खोक्यात घातलेला मायक्रोस्कोप बाहेर काढला होता. तीन दिवस त्या टेबलावरून उठल्या नाहीत. खारकेचा धागा बारीक होता, मुख्य म्हणजे सगळीकडे एकसारखा होता.

"याला असाच राहू दे," त्या म्हणाल्या.

अल्पाका वाढवून विकायचा धंदा सुरू झाला तो असा. मादी गाभण आहे का, हे बघायची इथली पद्धत सोपी आहे. नराला दोरीने धरून तिच्यासमोर न्यायचं. ती खाली बसली तर नाही, आणि थुंकली तर आहे. नराला धरायचं काम काकांकडे होतं, आणि नेम नेहमी नरावर बसेच असं नाही. काका शर्ट पुढे धरून घरात यायचे. "मंजू, रिपोर्ट पॉझिटिव्ह!"

खरे रिपोर्ट काकू लिहायच्या. विकायच्या प्रत्येक जनावराचा एक, पूर्वीच्या सवयीने, आणि दोष आधी. "डावा पाय किंचित आत वळलेला. मानेवरची लोकर भरड. स्वभाव हट्टी." ऋताने वाचून सांगितलं, "मॉम, नोबडी राइट्स ॲड्स लाइक धिस." काकू म्हणाल्या, "ही ॲड नाहीये." पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकं रिपोर्ट वाचून निघून गेली. मग हळूहळू, रिपोर्ट वाचून यायला लागली.

सगळ्यांनाच त्या विकत नसत. नोव्हायहून देवांग आणि मोना आले होते, मुलीच्या वाढदिवसाला एक अल्पाका हवा म्हणून.

"एकटा देत नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, आमच्याकडे डॉग आहे ना कंपनीला," देवांग म्हणाला.

"कुत्रा म्हणजे अल्पाका नव्हे रे. जेवून जा, पण एकटा मिळणार नाही."

जेवून गेले.

गेल्या वसंतात टोलेडोहून वॉल्टर नावाचे गृहस्थ आले. आयुष्यभर स्कूलबस चालवून रिटायर झालेले. त्यांना रेवडी आणि तिची धाकटी बहीण, दोघी हव्या होत्या. काकूंनी दोघींचे सगळे दोष वाचून दाखवले. वॉल्टरनी टोपी काढून शांतपणे ऐकलं.

"माझी यादी याहून मोठी होईल," ते म्हणाले.

त्यांनी ट्रेलर आणला नव्हता, साधी मिनीव्हॅन आणली होती. मागच्या सीट काढून पेंढा पसरला होता. दोघी आत चढल्या, पाय दुमडून बसल्या आणि खिडकीतून बघायला लागल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. कुंपणापाशी चिक्की बराच वेळ गुणगुणत राहिली आणि काकू तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. काकांनी आत बोलावलं नाही.

दोन तासांनी फोन वाजला. वॉल्टर होते.

"पोचलो. वाटेत एकीने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती. पण आता उतरत नाहीयेत. मी सगळं सांगून पाहिलं, ऐकतच नाहीत."

"काय सांगितलंत?"

"कम ऑन, गर्ल्स."

काकू हसायला लागल्या. "त्यांना इंग्लिश येत नाही हो. 'चला' म्हणा. चला, चला."

पलीकडून, टोलेडोच्या उच्चारात, एक घोगरा आवाज आला, "चाला! चाला!" मग पेंढ्याची सळसळ, लाकडी फळीवर आठ पावलांची टपटप, आणि वॉल्टर मोठ्याने म्हणाले, "उतरल्या!"

"आता बसायचा शब्द लिहून घ्या," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून निवांत बसल्या.