खाणीतून आलेली माझीच हाक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "तुम्ही पहिल्यापासूनच मानणाऱ्यातल्या" असं कुणी म्हणायला नको. मी डोंबिवलीत एका शाळेत पी.टी. शिकवते. आमची स्कूटर अमावस्येला घेतलेली आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच सांगते, बाजूला हो बाई, मला उशीर होतोय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्या आवाजाचं झालं, आणि त्याचा मला अजून राग आहे.

खडवलीच्या पलीकडे, नदी सोडून आत गेलं की टेकड्या लागतात. तिथे दर थंडीत शाळा-कॉलेजच्या मुलांची अ‍ॅडव्हेंचर रेस असते. चौघांची टीम, हातात नकाशा, पळायचं, दोरी धरून नदी ओलांडायची, ठरलेले पॉइंट गाठायचे. मी तिथे मार्शल असते, हौसेने. मार्शलचं काम सोपं... आपल्या पॉइंटवर उभं राहायचं, आलेली टीम मोजायची, चौघं असतील तरच त्यांच्या कार्डावर पंचने भोक पाडून पुढे सोडायची.

माझा पॉइंट बंद पडलेल्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला. खाणीत हिरवं पाणी साचलेलं, खोली कुणालाच माहीत नाही. वाट तिच्यापासून लांबून जाते, मध्ये आम्ही रिबीन बांधतो. पोरांना त्या खाणीचं एकच आकर्षण — तिथे ओरडलं की प्रतिध्वनी येतो. अगदी स्वच्छ, शब्दच्या शब्द.

त्या वर्षी सकाळी मैदानावर वॉर्म-अप मी घेतला. माइकने ऐनवेळी मान टाकली, मग काय, एवढ्या पोरांपुढे नुसत्या घशावर ओरडले. "चला वाघांनो! चला शेरनींनो!" हे माझं ठरलेलं. त्यातच सूचना दिल्या — हरवलात तर भटकायचं नाही, झाड धरून बसायचं. मार्शलची शिट्टी लागोपाठ तीनदा वाजली की समजायचं आपलं माणूस आलं, मग ओरडा.

पॉइंटवर पोचेपर्यंत माझा घसा ठार बसला होता. नुसती हवा येत होती. माझ्या जोडीला नितीन होता, आमच्याच शाळेचा क्लार्क. तो खूश. म्हणाला, "मॅडम, शाळेत असं कधी होणार?" वॉकीटॉकी त्यानेच घेतला, मी खुणांवर काम करत होते.

दाट धुकं होतं. काही टीम गेल्या आणि मग एक टीम आली ती तिघांचीच. मी चार बोटं दाखवली.

"येतेय ती मागून," त्यातला एक धापा टाकत बोलला. "शूज बांधायला थांबलेली. मॅडम प्लीज पंच करा ना, आम्ही सेकंड आहोत!"

मी पंच खिशात टाकला आणि मागच्या वाटेकडे बोट केलं. चौथी आलीच नाही. तन्वी नाव तिचं, नववीतली. तिची शिट्टी टीमच्या बॅगेत आणि बॅग या पोरांच्या पाठीवर! मला संताप आला. नितीनने कंट्रोलला कळवलं, पोरांना धरून ठेवलं, आणि मी निघाले. वाट जिथे वळते तिथली रिबीन तुटून पडली होती. वळण चुकलं तर पायवाट सरळ खाणीच्या कड्यावर जाते. मी तीच पायवाट धरली.

ओरडता येत नव्हतं. शिट्टी तीनदा मारायची, थांबायचं, कान द्यायचे, पुढे जायचं, एवढंच करत होते. खाणीतून माझीच शिट्टी परत येत होती. आणि मग अगदी जवळून आवाज आला.

"मॅडम! मी इथे आहे!"

कड्यापासून हाकेच्या अंतरावर एका सागाला मिठी मारून पोरगी बसली होती. रडून डोळे सुजलेले. मी तिला उठवलं, छातीशी धरलं. ती मला निरखून बघत होती, माझ्या तोंडाकडे.

"खरंच तुम्हीच ना? मग मघापासून खालून का बोलवत होता?"

मी नाही म्हणून मान हलवली. घशाकडे बोट दाखवलं.

"तुम्हीच होता. 'शेरनी, ये गं, मी खाली उभी आहे, वाट सोपी आहे' बोलत होता. मी उठणारच होते. पण तुम्ही दोनदाच हाक मारायचा आणि गप्प व्हायचा. परत दोनदा, परत गप्प. तिसरी हाक नाहीच. पप्पा बोलतात, रानात तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, जायचं पण नाही. मग मी नाय आले. सॉरी मॅडम..."

मी मनात म्हटलं, घाबरलेलं लेकरू, प्रतिध्वनी ऐकला असेल. तिचा हात धरून वळले.

आणि खालून, पाण्याच्या बाजूने, हाक आली.

"शेरनी... ये गं. मी खाली उभी आहे."

माझा आवाज. न बसलेला, ठणठणीत, मैदानावरचा. शेवटचा शब्द किंचित वर नेण्याची माझी सवय — तीसुद्धा! परत एकदा, तसंच. मग शांत. माझं तोंड बंद होतं, आणि प्रतिध्वनी यायला आधी कुणाला तरी बोलावं लागतं.

भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू. पण तिच्याआधी राग आला. ज्या आवाजावर पोरं डोळे मिटून विश्वास ठेवतात, तो वापरून कुणीतरी एका पोरीला पाण्याकडे बोलवत होतं. मी खाली तोंड करून ओरडायला गेले, घशातून खरखर निघाली. तन्वीने माझ्या तोंडावर हात दाबला.

"ओ देऊ नका!"

मग मी शिट्टी फुंकली. तीनदा, फुप्फुसं फाटतील इतक्या जोरात. आणि पोरीला घेऊन, मागे न बघता, वर आले. नितीन वाटेवरच उभा होता, हसत.

"सापडली ना? मला वाटलंच. मॅडम, तुमचा आवाज परत आला वाटतं? इथपर्यंत ऐकू आला!"



फिनिशला तन्वीचे वडील आले. शहाडकडच्या गावातले, जुने जमीनवाले, गळ्यात जाड चेन, मोठी पांढरी गाडी. पोरीला कुरवाळून झाल्यावर मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तुमचे लय उपकार. पन ऐका माझा. खानीत जो हाय ना, त्यानी तुमचा आवाज घेतलाय. एक कोंबरा न् नारल द्या तिथं, सोरवून घ्या. मी देतो पायजे तर."

मी खरखरत्या आवाजात सांगितलं, "दादा, कोंबडा तुम्ही घरी खा. मला बोलवा हवं तर."

ते हसले नाहीत. माझा घसा पुढे बरेच दिवस धरलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, ताण पडलाय, बोलू नका. आई दिवसातून दोनदा फोन करून नारळाची आठवण करायची. नवरासुद्धा एकदा हळूच म्हणाला, "देऊन टाकूया का गं?" नाही दिला. पोरीला बुडवायला निघालेल्याला वर नारळ? कुठला न्याय हा! आवाज आला आपला आपण, हळूहळू.

आयोजकांनी विचारलं, पॉइंट बदलून देऊ का? मी म्हटलं, तोच द्या, आणि रिबिनीऐवजी लोखंडी जाळी द्या. जाळी आली. पुढच्या थंडीत रेस सुरू व्हायच्या आधी मी तिथे जाऊन उभी राहिले. नितीन मागे होता. जाळीला धरून, पुरत्या घशाने, खाणीत ओरडले.

"हाक मारायचीच असेल तर स्वतःच्या आवाजात मार!"

प्रतिध्वनी आला नाही.

परत ओरडले, तिसऱ्यांदाही ओरडले. काही नाही. नितीनने घाबरतच "ओऽऽ" केलं, त्याचं "ओऽऽ" लगेच परत आलं, स्वच्छ. त्यानंतर मी दर वर्षी ओरडून बघते. सगळ्यांचा येतो. माझा येत नाही.

का, ते मला माहीत नाही. विज्ञानाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणते. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, फक्त नारळ सोडून.

जाळीपाशी पहिल्यांदा ओरडले त्या दिवशी, थोड्या वेळाने धुक्यातून पहिली टीम येताना दिसली. चौघं. पुढे तन्वी होती, बॅग तिच्याच पाठीवर आणि शिट्टी तिच्याच गळ्यात. मी खाणीकडे वळून शेवटचं सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

पोरगी माझ्याकडे आहे. आवाजही माझ्याकडे आहे. प्रतिध्वनी ठेव तुझ्याकडेच.