फोटो नको, नाव नको

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फॉरवर्ड होऊन येतात! त्यात आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी मला मुलांच्या ऑनलाइन प्रायव्हसीचं खातं दिलं. खातं म्हणजे काय, तर कुणी मुलांचा फोटो, नाव, नंबर नेटवर टाकला की बोंब मारायची. पगार तोच. तेव्हापासून हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या स्टाफरूममध्ये डब्याआधी किस्सा उघडतो.

हे खातं निघालं एका आईमुळं. आयटीतली बाई, पुण्याहून बदली मागून हैदराबादला आलेली. मुलगी आमच्याकडं सहावीत. तिचं नाव सांगत नाही, तेवढं तरी मी शिकले! नवरा मारकुटा. कोर्टानं त्याला लांब राहायला सांगितलंय, तरी तो या शहरातून त्या शहरात शाळांना फोन करून मुलीला शोधतोय. बाई मॅडमना एवढंच म्हणाली, "तिचा फोटो नको, नाव नको, कुठंच नको. त्याला पत्ता लागला तर आम्हाला हेही शहर सोडावं लागेल."

मॅडमनी शब्द दिला. शब्द द्यायला त्या, पाळायला मी!

*

मॅडमचा उत्साह दांडगा. आठवड्याच्या आत शाळेच्या पेजवर पोस्टर झळकलं: 'मुलांचे फोटो ऑनलाइन टाकू नका!' खाली तिसरीतली पाच गोड पोरं हसत उभी. गळ्यात आयकार्डं. नाव, वर्ग, ब्लडग्रुप, वडिलांचा मोबाईल, सगळं चष्म्याशिवाय वाचता येत होतं.

मी पळत त्यांच्या केबिनमध्ये गेले. मॅडम शांत. म्हणाल्या, "अरे, परमिशन लेकेच डाले ना!"

"किसकी?"

"फोटोग्राफर की."

*

मग गॅदरिंगचे फोटो आले. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना मी सांगितलं, टाकायचेच असतील तर चेहरे झाका. सरांनी मनापासून काम केलं. प्रत्येक पोराच्या तोंडावर एक स्मायली चिकटवली. कंटाळा येऊ नये म्हणून वेगवेगळी!

दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन. "माझ्या मुलाला रडका चेहरा का? पहिला नंबर आलाय त्याचा!"

सरांनी माफी मागून बदलून दिला. दुपारपर्यंत चार आया रांगेत. सगळ्यांना गॉगलवाला हवा होता.

वैतागून सरांनी चेहरे आपोआप पुसणारं ॲप आणलं. त्यानं पोरांचे चेहरे पुसले ते पुसले, स्टेजवरच्या तसबिरीतले संस्थापकही पुसले! हार दिसतोय, टोपी दिसतेय, मधे नुसतं धुकं. संस्थापकांचे नातू ट्रस्टी आहेत, ते तणतणत आले. सर म्हणाले, "प्रायव्हसी, सर."

"अहो, ते वारले!"

"तरीपण, सर."

*

सातवीच्या मुलांना मी एकदा स्वतःची अकाउंटं उघडायला लावली. पासवर्ड कसा ठेवायचा, कुणाला का सांगायचा नाही, सगळं तास घेऊन शिकवलं. शेवटी सुरक्षा प्रश्न होता: तुमचा आवडता पदार्थ कोणता? उत्तर असं द्या की दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही, असंही बजावलं.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या वर्गानं उरलेल्या अर्ध्या वर्गाची अकाउंटं उघडली होती. कारण सगळ्यांनी लिहिलं होतं, बिर्याणी! कप्पाळ माझं. हैदराबादच्या पोरांना हा प्रश्न विचारणारीच मूर्ख.

एकाच मुलाचं अकाउंट कुणाला उघडता आलं नाही. घर जैन. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा निघाला. त्यानं लिहिलं होतं, व्हेज बिर्याणी. वर्ग इतका चिडला की काय सांगू! मॉनिटर तावातावानं माझ्याकडं आला, "मॅडम, ये तो चीटिंग है! वैसी चीजच नहीं होती!"

*

या सगळ्यात माझा जीव खरा टांगलेला असायचा तो ऑफिसातल्या वसंतरावांपायी. वसंतराव आमचे हेडक्लार्क. इथल्याच गौलीगुड्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या, मराठी बोलतात तीही त्यांच्या पद्धतीची. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही. शिवाय फोनवर त्यांना 'हौ, हौ' म्हणायची सवय. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ, ऐकतोय, बोला. पलीकडच्याच्या लेखी अर्थ, होय!

एकदा एका ट्यूशन क्लासवाल्यानं त्यांना विचारलं, दहावीच्या पालकांचे नंबर पाठवताय ना? वसंतराव, "हौ, हौ." मेल करताय ना? "हौ, हौ." दोन दिवसांनी तो पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर! वसंतराव त्याला म्हणतात, "नक्को बाबा, मी कधी हौ बोललो?"

त्यात फोनवर कुणी मराठी बोललं की हा माणूस विरघळलाच. आबिड्सच्या रस्त्यावर मराठी ऐकू आलं तर अनोळखी माणसाला ओढून चहा पाजणारा गडी! त्या सहावीतल्या मुलीची हकीकत त्यांना मी तीन-तीनदा सांगितली होती. "मॅडम, परेशान नक्को होऊ," म्हणायचे. मी परेशानच होते.

*

आणि परवा तो फोन आला. वसंतरावांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी प्रिंटर दुरुस्त करत होते. ती मुलगी वर्गासाठी प्रोजेक्टरचा रिमोट न्यायला आलेली, टेबलापाशी उभी.

फोनवर पुरुषाचा आवाज, स्वच्छ मराठी. "नमस्कार. माझी मुलगी तुमच्याच शाळेत आहे ना?" आणि त्यानं नाव सांगितलं. पूर्ण नाव.

मुलगी जागच्या जागी थिजली.

वसंतराव म्हणाले, "हौ..." आणि जोरात खोकले. "...हॅलो? कोण बोलताय?"

"मी तिचा बाप बोलतोय."

"अच्छा, अच्छा! पुण्याकडचे का? वा! आवाजावरून वाटलंच." मी हातवारे करत होते, फोन ठेवा, ठेवा! ते माझ्याकडं बघेचनात. "मग लेक कितवीत आहे तुमची?"

"अं... चौथीत."

"चौथीत? चौथीत नाही हो या नावाची कुणी. आईशप्पथ!"

"नीट बघा."

"बघायचं काय त्यात? चौथीची सगळी पोरं पाठ आहेत मला. देवाशप्पथ सांगतो, नाही."

फोन कट झाला. मी खुर्चीत बसले. वसंतराव मात्र माझ्यावरच उखडले, "असं काय बघताय, मॅडम? एक शब्द तरी खोटा बोललो का मी?"

मुलीनं टेबलावरचा रिमोट उचलला.

"काका," ती म्हणाली, "आम्ही घरातून निघालो ना, तेव्हासुद्धा मी पाचवीत होते."