चुडामण आप्पांनी हँडल फिरवलं

टेलिफोन खात्यातला लाइनमन रिटायर झाला तरी त्याची मान रिटायर होत नाही; रस्त्याने चालताना ती वरच असते, तारांकडे. रनाळ्याच्या चुडामण आप्पांची तशीच होती. पण आता फायबर जमिनीखालून गेलं, आणि अकरा वर्षांत आप्पांना कोणी बोलावलंच तर मिक्सर बिघडला म्हणून.

त्यामुळे प्रकाशा गावच्या चुनीलालने माळ्यावर हँडलचा जुना फोन सापडल्याचं कळवलं, तेव्हा आप्पा हातातला चहा तसाच ठेवून उठले.

फोन हवा होता चुनीलालच्या आईला. पंच्याऐंशी वर्षांच्या तापीबाईला मोबाइल पटत नसे. कानाला लावला की तोंडाशी काहीच येत नाही, मग बोलायचं कशात, असा तिचा सवाल. धाकटी बहीण गजराबाई शहाद्याच्या पुढे, अवघ्या वीस किलोमीटरवर. पण मागच्या खेपेला कोण कोणाकडे आलं होतं, यावर दोघींचं एकमत होईना, म्हणून दोन वर्षं कोणीच कोणाकडे गेलं नव्हतं. म्हातारी बहिणीच्या आवाजासाठी झुरत होती, आणि कबूल मात्र करत नव्हती.

आठ दिवस आप्पांनी जेवायचं टेबल अडवलं. बोलायच्या भोंग्यातला दमट कोळसा उन्हात सुकवला, कुजलेली वायर बदलली, नव्या लाइनीला चालावं म्हणून घंटीला कपॅसिटर जोडला. डायल नव्हतीच, म्हणजे फोन येणार, पण इथून लावता येणार नाही. इतक्या प्रेमाने यांनी लग्नात माझ्याकडेसुद्धा पाहिलं नव्हतं, असं त्यांच्या बायकोचं, निर्मलाबाईंचं म्हणणं पडलं.

चुनीलालकडे फायबरचा डबा बसवणाऱ्या भूपेशने बजावलं होतं, हँडलची वायर कापून टाका; फिरवलं की नव्वद व्होल्ट उलटे डब्यात शिरतील. आप्पांनी मान डोलावली आणि वायर कापली नाही. हँडल नुसतंच गरगर फिरणारा फोन त्यांना बघवेना. चुनीलालच्या घरच्यांना मात्र दम भरला, हँडलला कोणी हात लावायचा नाही.

रविवारी अकराला, ठरल्याप्रमाणे, गजराबाईने नातसुनेकडून फोन लावून घेतला. चुनीलालच्या टेबलावर घंटी खणखणली आणि शेजारी उभ्या आप्पांचा ऊर भरून आला. बहिणींची पाच मिनिटं गुडघ्यांत गेली, दहा मिनिटं गेल्या दोन वर्षांत कोण कोण वारलं त्यात. मग तापीबाई “गजरे...” म्हणाली आणि तिला हुंदका आला. रिसीव्हर टेबलावर ठेवून ती पदराने डोळे पुसू लागली.

आप्पांना वाटलं, बोलणं संपलं. पूर्वी बोलणं संपलं की हँडल फिरवून एक्स्चेंजला कळवायचं, म्हणजे ऑपरेटर लाइन सोडवी. न कळवणारा माणूस अडाणी ठरे. आप्पांनी रिसीव्हर अडकवला आणि दिमाखात तीन फेरे दिले. डब्यावरचे हिरवे दिवे विझले, जळका वास आला आणि आतल्या खोलीत चुनीलालची क्रिकेटची मॅच थांबली.

चुनीलाल तणतणत बाहेर आला. अशा वेळी उंदरावर ढकलायची खात्यात रीत होती. आप्पांच्या ओठांवर उंदीर आलाही, पण समोर म्हातारी रडत होती.

“हँडल मी फिरवं,” ते म्हणाले.

तिकडे गजराबाईने हुंदका ऐकला, मग खट्ट, मग काहीच नाही. ताई गेली, असं समजून तिने हंबरडा फोडला. नातसुनेने चुनीलालला मोबाइल लावला. त्याने आई ठणठणीत आहे असं सांगितलं. झालं, गजराबाईची खात्रीच पटली. मरणाची बातमी फोनवर सरळ कोण सांगतं?

तासाभरात जीप दारात आली. गल्लीच्या तोंडापासून रडत आलेल्या गजराबाईला ओट्यावर शेंगा फोडत बसलेली ताई दिसली. आधी तिने ताईच्या पाठीत एक धपाटा घातला, मग दोघी गळ्यात पडल्या. चुनीलाल मॅच विसरून डोळे पुसत उभा राहिला.

आप्पा खाली मान घालून हँडलची वायर कापायला बसले, तेवढ्यात हँडलची हकीकत ऐकलेली गजराबाई शेजारी येऊन टेकली आणि ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

“मन्हा घर बी असाच फोन लाई दे, दादा. आन् मी रडाले लागनू का हँडल फिरावजो. मंग ताई बी मन्हाकडे पयत येई.”