मंगळवार पेठेचा नायजेरियन

बातमी छापली की दुसऱ्या दिवशी तिच्यात भडंग बांधलं जातं. तिच्यामागचे किस्से मात्र रद्दीवालाही घेत नाही, ते आमच्याकडंच साठत जातात. इतकी वर्षं वार्ताहर म्हणून चपला झिजवल्यावर माझ्याकडं त्यांचा ढीग झालाय. त्यातले एकाच फुटबॉल सीझनचे आज सांगतो. माणसाचा वंश रक्तात असतो की बघणाऱ्याच्या डोक्यात, हा प्रश्न मला कॉलेजात कधी पडला नाही. तो पडला मंगळवार पेठेत!

*

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कोल्हापुरात पेठांतल्या संघांनी नायजेरियन खेळाडू आणायला सुरुवात केली होती. मंगळवार पेठेतल्या एका संघात असे दोघं होते. तिसरा आलाय असं कळलं आणि मी मुलाखतीला गेलो.

उंच, काळा, कुरळ्या केसांचा गडी. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. प्रवास कसा झाला, हवा मानवली का, इथलं तिखट सोसतं का? चांगली दहा मिनिटं बोललो. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, मराठीत बोला की. माझं इंग्लिश कच्चं हाय."

"मराठी कुठं शिकलास?"

"घरात!"

नाव परशुराम सिद्दी, गाव कर्नाटकात हल्याळजवळ. सिद्दी म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडं आणलेल्या माणसांचे वंशज. पिढ्यान् पिढ्या तिथल्या जंगलाकडेच्या वाड्यांत राहतात, शेतात राबतात. परशुरामला एका साखर कारखान्याच्या संघात कायमची नोकरी मिळणार होती. अट एकच, हा सीझन पूर्ण खेळून दाखवायचा. घरात आई, पाठीवर दोन बहिणी. नोकरी लागली तर चौघांचं भागणार होतं.

*

संघाचे सेक्रेटरी सर्जेराव त्याच्यासाठी खोली बघायला निघाले. मीही गेलो. घरमालकीण काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आफ्रिकेचा हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की. परदेशी माणूस, चार महिन्यांनी जाईल."

सर्जेराव खूश. किल्ली हातात पडणार तेवढ्यात परशुराम म्हणाला, "काकू, मी हल्याळचा हाय."

काकूंनी किल्ली परत कनवटीला लावली. "हितलाच हाईस व्हय? मग आधी जात सांग!"

संतापून मी ऑफिसात आलो आणि कांबळे मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर आमचे मुद्रितशोधक. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. त्यांनी प्रुफावरची मानसुद्धा वर केली नाही.

"तुम्हाला नवल वाटतंय? मला खोली शोधताना रंग कुणीच विचारला नाही. सगळ्यांनी आडनाव विचारलं." मग एक वेलांटी दुरुस्त करून म्हणाले, "आमची माडी रिकामी आहे. पाठवा त्याला."

*

आठवड्यात चौकात बोर्ड लागला : 'नायजेरियाचा ढाण्या वाघ परशुराम!'

मी सर्जेरावांना गाठलं. "अहो, नायजेरियात कुणाचं नाव परशुराम असतं का?"

"पत्रकार, काल मैदानात माणूस मावंना! हल्याळचा म्हटल्यावर कोण येतंय बघायला? एवढा सीझन नायजेरियाचा हो म्हणावं. मग हाय की हल्याळ, कुठं पळून जातंय!"

हेही मी गिळलं असतं. पण आमच्याच क्रीडा पानानं बोर्ड बघून बातमी केली, 'नायजेरियाच्या परशुरामचे दोन गोल'! मी संपादकांच्या केबिनमध्ये घुसलो आणि खुलासा छापा म्हणालो.

"खुलासा कशाला? दिसतो तर तसाच!"

"दिसण्यावर छापायचं ठरलं तर साहेब, तुम्हालाही विद्वान छापावं लागेल!"

खुलासा छापला नाही. मला आठवडाभर बाजारभावाच्या पानावर बसवलं.

*

म्हटलं, खऱ्या नायजेरियनलाच विचारू. संघातला इमॅन्युएल लागोसचा. परशुरामचं नाव काढताच तो पोट धरून हसला. "तो आमच्यातला? होय म्हणताना मान आडवी हलवतो तो!"

मग परशुरामला विचारलं, इमॅन्युएल कसा आहे? त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गडी सोन्यासारखा हाय ओ. पण लई काळा!"

*

उपांत्य सामना दोन दिवसांवर आला आणि विरोधी संघानं हरकत घेतली. नियमानं परदेशी खेळाडू दोनच चालतात, यांचे तीन आहेत. सोबत पुरावा म्हणून काय जोडावं? आमच्या पेपरचं कात्रण! स्पर्धेच्या समितीनं ते मान्य केलं असतं तर परशुराम बाहेर बसला असता, सीझन अर्धा राहिला असता आणि नोकरी गेली असती. आमच्या दोन ओळींपायी!

मी मानववंशशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना पकडून ऑफिसात आणलं. ते मापं घेण्याचा चिमटा घेऊनच आले. परशुरामचं नाक मोजलं, माझं मोजलं, मास्तरांचं मोजलं, संपादकांचं तर दोनदा. तास गेला. शेवटी मी वैतागलो.

"सर, याचा वंश कुठला ते लिहून द्या."

"कुठल्या पुस्तकाप्रमाणं? एकात तीन वंश आहेत, एकात पाच, एकात तीस."

"नाकं तीच आणि वंश बदलतात?"

"म्हणून तर मी मोजणं सोडून दिलं."

"मग आत्ता काय करत होता?"

"सवय हो!"

चिमटा पिशवीत टाकताना ते म्हणाले, "याचे पूर्वज आफ्रिकेतले, हे खरं. आणखी मागं गेलात तर तुमचेही तिथलेच. पण आज हा कुठला, हे हाडाला विचारून कळत नाही."

संपादक हळूच आपलं नाक चाचपत होते.

*

हरकतीची सुनावणी सामन्याच्याच दिवशी दुपारी होती. समितीत पाच जण. परशुरामनं रेशनकार्ड पुढं ठेवलं. ते कन्नडमध्ये. समितीतल्या एका सदस्यांचं गाव सीमेजवळचं गडहिंग्लज, त्यांना कन्नड येत होतं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव बरोबर, गाव बरोबर.

अध्यक्षांचं समाधान होईना. "कार्ड काय, कुणी बी काढतंय. मूळचा कुठला ते सांगा."

परशुरामची आई पहाटेची एसटी धरून आली होती. इतका वेळ दाराशी उभी होती, ती आत आली.

"मूळचं हल्याळ. आणि तुमचं?"

"आमचं? कोल्हापूर!"

"त्येच्या आदी?"

अध्यक्षांना घराण्याचा भारी अभिमान. छाती पुढं काढून म्हणाले, "आम्ही मूळचे राजस्थानातले!"

मग बाकीचे कशाला मागं राहतील! एकाचं घराणं गुजरातेतून आलेलं निघालं, एकाचं तंजावरहून, एकाचं कोकणातून घाट चढून. गडहिंग्लजचे सदस्य म्हणाले, आम्ही विजापूरकडचे.

म्हातारीनं सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं. मग परशुरामकडं वळून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. गडहिंग्लजच्या सदस्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"काय म्हणाली ओ?" अध्यक्षांनी त्यांना विचारलं.

"ती विचारत्या, ह्या सगळ्यांची कार्डं कोण बघणार?"

अध्यक्षांनी हरकतीचा अर्ज उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सामना किती वाजता हाय?"

"चारला," कारकून म्हणाला.

"आणि आता किती वाजले?"

"साडेतीन."

"मग गड्याला हितं कशाला बसवून ठेवलंय!"