अनंतरावांची चाळणी

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इतिहास संस्थेचा मेल सर्व्हर नासिर सांभाळतो. हिंजवडीच्या बसला कंटाळून तो इथे आला, तर इथे बारा माणसं आणि बारा तऱ्हा. त्याचे आजोबा रविवार पेठेत शिंपी होते. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला घालू नये, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणून त्याने प्रत्येकाला स्पॅमची वेगळी चाळणी लावून दिली.

मोडी वाचणाऱ्या शालूताईंना साड्यांच्या सेलसकट सगळं हवं. कार्यवाह अनंतरावांना काहीच नको. त्यांनी सहीनिशी कळवलं होतं, 'अनोळखी पत्र दाखवू नये. स्पॅममध्ये काय पडले, हे सांगायलाही येऊ नये.' नासिरने तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

बावीस वर्षं शालूताई कागद वाचायच्या आणि अनंतराव त्यावर परगावी भाषणं द्यायचे. यंदा जयपूरच्या परिषदेला शालूताईंनी स्वतः लेख धाडला. शिरस्त्याप्रमाणे कार्यवाहांचा पत्ता आधी घातला, मग आपला. महिना उलटला तरी उत्तर नाही.

"अहो नासिर, मला सगळं येतं ना?"

"ताई, तुमच्याइतका कचरा कोणालाच येत नाही."

"कचरा येतो हो. पत्र येत नाही."

हे नासिरला लागलं. त्याने नोंदी उपसल्या. पत्र आठ दिवसांपूर्वीच आलं होतं, दोघांच्या नावे. सर्व्हरने ते एकदाच तपासलं, पहिल्या नावाच्या म्हणजे अनंतरावांच्या चाळणीतून, आणि दोघांचंही अडवलं. सामायिक पत्राचा विचार नासिरने केलाच नव्हता. शिंप्याच्या नातवाने मापात चूक केली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

पत्रात होतं, 'दोघांपैकी एकानेच यावे. दिलेल्या तारखेला पाचपर्यंत जो कळवेल, त्याचे नाव पक्के.' तारीख आजचीच होती. सव्वाचार झाले होते.

त्याने सेटिंग बदललं: दोन नावं असतील तर दोन प्रती, प्रत्येकाची आपापल्या चाळणीतून. मग पत्र पुन्हा सोडलं. शालूताईंची प्रत लगेच पोहोचली. अनंतरावांची सरळ स्पॅममध्ये गेली. नासिर त्यांच्या दारापर्यंत गेला, काचेखालचा कागद आठवून थबकला आणि परत येऊन बसला.

पाचला दहा कमी असताना शालूताईंनी होकार पाठवला.

दुसऱ्या दिवशी ते ऐकून अनंतराव आले. "जयपूरचं मला कोणी कळवलं नाही."

नासिरने काच उचलून कागद पुढे केला. अनंतरावांनी तो दोनदा वाचला.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात शालूताई जयपूरसाठी रजेचा अर्ज घेऊन आल्या. अनंतरावांनी पेन काढलं आणि खाली सही केली.