घरचा ब्रश घेऊन या

डॉ. भालचंद्र सप्रे सरांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. दातांच्या डॉक्टरची पदवी नवी कोरी आणि तोरा त्याहून नवा. झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळच्या दवाखान्यात सरांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "घरी मराठी बोलतेस?"

"समझती हूँ सर. बोलते थोडं."

"मग पेशंटशी हिंदी, माझ्याशी मराठी."

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी मराठीत लिहिते आहे ते त्या अटीमुळे. चुका मात्र माझ्या.

दवाखान्याच्या दारावर हिंदीत पाटी आहे: दात दाखवायला याल तेव्हा घरचा ब्रश घेऊन या. मला तिचं हसू यायचं. तिसऱ्याच आठवड्यात ते जिरलं.

मे महिन्यात गरौठ्याहून एक शिक्षिका आल्या. "बिन्नू, जो दाँत निकार दो. पानी नईं पियो जात." पोरी, हा दात काढून टाक, असं त्या बुंदेलीत म्हणत होत्या. झाशीच्या उन्हाळ्यात गार पाणी न पिता येणं काय असतं, ते इथल्यांना सांगायला नको. मी दात पाहिला, नस खराब झाली असं ठरवून टाकलं आणि रूट कॅनालसाठी भुलीचं इंजेक्शन भरलं. तेवढ्यात सर आले. त्यांनी बाईंना विचारलं, "पानी हटते ही टीस चली जाती है, कि बनी रहती है?"

"तुरतईं चली जात."

मग त्यांनी ब्रश मागितला. त्याचे केस चारी दिशांना फाकले होते. वर्षानुवर्षं जोराने घासून हिरडी मागे सरकली होती आणि दाताच्या मानेशी खाच पडली होती. मी ती पाहिलीच नव्हती.

सर मला मराठीत म्हणाले, "इंजेक्शन ठेव खाली. नस चांगली आहे. कळ रेंगाळली असती, आपोआप उठली असती, तर गोष्ट वेगळी." आणि बाईंकडे वळून, "डॉक्टर साहिबा आपका दाँत बचा लेंगी." माझी लाज त्यांनी राखली. बाईंना मिळालं ते एवढंच: मऊ ब्रश, हलका हात, सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट दोन वेळा आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रशला सुट्टी.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं, उद्यापासून येत नाही. एका बाईंचा चांगला दात मी बिघडवणार होते. माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडाला होता. सर म्हणाले, "महिन्याने बाई येतील. त्यांना तूच तपासायचं. तोवर जायचं नाही."

बाई आल्या. त्यांनी माझ्यासमोर मटक्यातल्या पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. मला रडू आलं. त्यानंतर सोडून जायचा विषय मी काढला नाही, सरांनीही नाही.

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करताना सर स्वतःच माझ्या खुर्चीत बसले. "थंड लागतंय गं." झाशीत त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर काही कमी नाहीत. तरी सर माझ्याकडे आले.

मी विचारलं, "कळ लगेच जाते की राहते?"

"लगेच जाते." आणि न मागता त्यांनी खिशातून ब्रश काढला. केस फाकलेले! साऱ्या गावाला हलका हात शिकवणारे आमचे सर घरी दात घासतात ते पितळेची भांडी घासावीत तसे. मी त्यांना यथेच्छ रागावले, तेही मराठीत. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो आणि दर उन्हाळ्यात मटक्याचं पाणी गोड लागो. नवा ब्रश मी दिलाच आहे. महिन्याने आपल्याला मीच तपासणार. तोवर जायचं नाही, त्यानंतरही नाही.