मीच नावं ठेवलेला साग

जुनं लाकूड विकत घेताना आधी त्याला नावं ठेवावी लागतात. जोगेश्वरीच्या लाकूडबाजारात माझी वीस वर्षं गेली. त्यातली पहिली चार दुसऱ्याच्या वर्कशॉपात पॉलिशपेपरने कपाटं घासण्यात गेली, आणि तिथेच मी हे शिकले. मालाला हात लावायचा, तोंड वाकडं करायचं, ‘कीड लागलीय’ म्हणायचं आणि पाठ फिरवायची. मग विकणारा हाक मारतो आणि खरा भाव सुरू होतो. लाकूड चांगलं नसतं तर ही बाई इथे उभीच राहिली नसती, हे त्यालाही ठाऊक असतं. लग्नात वरमाय रुसते तसंच हे. ती रुसली नाही तर मंडळींनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण हा रिवाज आहे हे सोबतच्या माणसाला आधी सांगून ठेवावं लागतं. ते मी एकदा विसरले.

मुलुंडच्या एका मॅडमना बालवाडीसाठी फर्निचर करून हवं होतं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बाई नेमकी. त्यांनी कागदावर तक्ताच केला होता: कुठलं लाकूड किती लांबून येतं, कुठल्या बोर्डाच्या गोंदाचा वास खोलीत महिनोन्महिने राहतो. त्यांनी मला समजावलं, “ताई, झाड वाढताना हवेतला कार्बन आत घेतं. ते लाकूड जाळलं नाही, कुजू दिलं नाही, तर तो आतच राहतो. म्हणून आहे तेच लाकूड पुन्हा वापरलेलं सगळ्यांत बरं.” मी मान डोलावली. आमचा अख्खा बाजार इतकी वर्षं दुसरं काय करतोय, असं मनात आलं. फक्त आमची पाठ कोणी थोपटली नाही.

त्यांची अट एकच होती. “मला खरं तेवढं सांगा. इको-फ्रेंडलीच्या नावाखाली खूप जणांनी गंडवलंय.”

हे काम मला हवंच होतं, आणि त्याला कारण होतं. अंधेरीच्या एका डिझायनरबाईसाठी मी नऊ वर्षं फर्निचर केलं. जुन्या दरवाजांपासून मी बनवलेल्या बाकड्यावर बसून तिने एका मासिकात फोटो छापून आणला. खाली छापलेलं, बाकड्याची कल्पना तिची, मेहनतही तिची. माझा उल्लेख नाही. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, लेबरचं नाव कोण छापतं?” त्या दिवशी मी तिचं काम सोडलं. आपल्या नावावर एक तरी धड काम करून दाखवायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. आणि मुलुंडच्या मॅडमकडे दुसरं कोटेशन नेमकं त्याच बाईचं आलेलं. युरोपातलं अ‍ॅश लाकूड, त्यावर जंगल राखून तोडल्याचा शिक्का. शिक्का खरा असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मालाडला चाळ पाडून लाकडाचे ढीग पडलेले असताना ते बोटीने कशाला आणायचं?

म्हणून मॅडमना घेऊन मी चाचांच्या वखारीत गेले. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, या धंद्यात माझे अर्धे गुरू आणि पूर्ण शत्रू. मालाडच्या चाळीचा माल आदल्या दिवशीच उतरला होता. वासे काळे पडलेले, त्यांच्याशेजारी जिन्याच्या पायऱ्या रचलेल्या. एक वासा उचलून पाहिला आणि वजनावरूनच कळलं, बर्मा साग. हा माल हातचा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून तोंड आणखी वाकडं केलं.

“काय चाचा, सरणाची लाकडं विकायला लागलात?”

“बाय, तोंड सांभाळ. बर्मा आहे.”

“असेल कधीकाळी. आता वाळवीने पोखरलाय. ही भोकं बघा. आतून पार पोकळ असणार. लहान मुलांच्या खोलीत हे ठेवू? जीव जाईल एखाद्याचा.”

“मग उभी कशाला? जा, भुशाचा बोर्ड घे.”

“जातेच.” मी पाठ फिरवली. आता हाक यायची.

हाक आली नाही. मॅडम बोलल्या. “बरं झालं ताई, स्पष्ट सांगितलंत. मला हेच हवं होतं. मग मी तो अ‍ॅशच घेते. चला, निघू या.” आणि रिक्षासाठी फोन बाहेर काढला.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि कोंबड्यांची झुंज बघायला बसावं तसे बसले.

“मॅडम, तसं नाही,” मी म्हणाले. “वाळवी म्हणजे... जुनी. गेलेली.”

“म्हणजे होती?”

“होती असंही नाही.”

“नाही कशी?” चाचा म्हणाले. “आत्ताच तर बोललीस, पार पोकळ.”

“चाचा, तुम्ही गप्प बसा.”

“मी गप्पच आहे. सरणाची लाकडं आहेत माझी.”

मी मॅडमना ढिगाच्या मागे नेलं आणि हळूच सांगितलं, “हे लाकूड सोनं आहे.”

“मग कुजबुजताय कशाला?” त्या भर वखारीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. वर्गात बोलायची सवय.

“मोठ्याने बोल गो बाय,” पलीकडून चाचा. “मला पण आवडेल ऐकायला.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. चाचांवर, मॅडमवर, अंधेरीच्या बाईवर, सगळ्यांवर एकदम. शिकलेल्या माणसांना साधा सौदा कळत नाही, असलं काहीतरी मी बोलून गेले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, एकच सांगा. मघाशी खोटं बोलत होतात की आत्ता बोलताय?”

रिक्षा फाटकाशी येऊन थांबली होती. मोघम काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, भाव पाडायची जागा हातात राहिली असती. पण ही बाई रिक्षात बसली की काम अंधेरीला गेलं, हे मला दिसत होतं.

“मघाशी,” मी म्हणाले. चाचांकडे बघत, चांगलं मोठ्याने. “एक नंबर लाकूड आहे. असा माल कित्येक वर्षांत माझ्या नजरेला पडला नव्हता. भाव पाडायला बोलले.”

“वीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलली,” चाचा म्हणाले आणि रिक्षावाल्याला हात करून त्यांनी परत पाठवलं.

“मग दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

मी चाचांचा रंधा घेतला आणि वाशाच्या टोकावर चालवला. काळा थर निघाला, खालून मधाच्या रंगाचा साग वर आला. पहिली ढलपी मॅडमच्या हातावर ठेवली. त्यांनी वास घेतला, मग केसातली पिन काढून एका भोकात घातली. पिन थोडी आत गेली आणि अडली. “ही भोकं खिळ्यांची,” मी सांगितलं. “सगळी एका ओळीत आहेत बघा. वाळवी कधी रांगेत चालते का?” तेव्हा कुठे त्या हसल्या.

भावात चाचा एक रुपया हलले नाहीत. “पोकळ होता तेव्हा कमी करणार होतो,” म्हणाले. पहिल्यांदा सांगितलेल्या भावाने घेतलेला तो माझा एकमेव माल, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जिन्याच्या पायऱ्या मात्र त्यांनी फुकट दिल्या. “तमाशाचं तिकीट समज.”

वाशांची बाकडी झाली. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. मी तासायला निघाले होते, मॅडमनी अडवलं. पायऱ्यांचे तसेच बुटके पाट केले, त्या खोलगट जागी मुलं नीट बसतात, घसरत नाहीत. पुस्तकांच्या मांडण्यांना जुनं लाकूड पुरेना, म्हणून रबराच्या बागेतलं घेतलं. चीक आटलेली झाडं तशीही तोडतात, त्यांचंच ते. वर चकचकीत पॉलिश नाही, नुसतं तेल आणि मेण. पहिल्या दिवशी एका पोराने बाकडं चाटून बघितलं, आणि मी निर्धास्त होते.

दारावर मॅडमनी छोटी पाटी लावली: लाकूड मालाडच्या चाळीचं, काम माझं, खाली माझं पूर्ण नाव. त्या पाटीचा फोटो काढून मी अंधेरीला पाठवला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. “छान झालंय गं. लाकूड कुठून मिळालं?”

चाचांकडे त्या ढिगातले बारा वासे अजून शिल्लक होते. मी लिहिलं, “वाळवी लागलेलं आहे. आतून पार पोकळ. तुझ्या कामाचं नाही.”

मग पर्स उचलली आणि चाचांच्या वखारीकडे निघाले.